बंद काचेतला घाट

सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या ट्रकचे नंबर वहीत लिहिले. गोव्यात पिसुर्ल्याच्या एका कारखान्याच्या गेटवर बारा तासांची ड्युटी. गाडी आली की नंबर, वेळ, आत काय, बाहेर काय, ड्रायव्हरची सही. एखादा ड्रायव्हर गाडी मागे घेताना तीन-तीनदा चुकायचा, तेव्हा खुर्चीखाली माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायचा.

त्याआधी मी टिपरवाला होतो. खाणीवरून लोखंडाच्या खनिजाचा माल ट्रकमध्ये भरायचा, काट्यावर वजन करायचं, जेटीवर ओतायचा, रिकामा परत. बार्ज, म्हणजे मालाची मोठी होडी, भरून नदीतून मुरगाव बंदराकडे जायची, आमची दुनिया जेटीवर संपायची. आम्हा खाणपट्ट्यातल्या लोकांना पुढच्या तारखा घरच्या श्राद्धाच्या तिथींसारख्या पाठ आहेत. सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, पण चाकं फिरायला २०१५ उजाडलं. मग ७ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आला, खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. टिपर दारात उभा राहिला. पहिल्या पावसात ताडपत्री फाटली, दुसऱ्यात चेसीवर वेल चढली आणि केबिनमध्ये कोंबडीने अंडी घातली. २०१९ च्या गणेश चवथीनंतर भंगाराच्या भावात दिला. बायको म्हणाली, आता एकदाचं अंगण मोकळं झालं. मी काहीच बोललो नाही.

२०२४ ला डिचोलीत पुन्हा खाण सुरू झाली तेव्हा लोक विचारायला लागले, आता तू टिपर घेणार काय? पुन्हा कर्ज काढायची छाती नव्हती. पण गाडी चालवायची होती. फोंड्याच्या एका ओळखीच्या पात्रांवकडे, म्हणजे गाडीमालकाकडे, दहा चाकी ट्रक होती, बेळगावच्या लाइनवर. तो म्हणाला, लायसन घेऊन ये. माझं हेवी लायसन संपून वर्षं लोटली होती. एक वर्षाच्या वर गेलं की नुसतं रिन्यू होत नाही, पुन्हा टेस्ट द्यावी लागते. एक्कावन्नाव्या वर्षी मी शिकाऊ पोरांच्या रांगेत मेडिकलचा कागद धरून उभा राहिलो. टेस्टमध्ये पास झालो, एवढं पुरे.

तर तो दिवस डिसेंबरातला. पहिल्या फेरीला पात्रांवने सोबत आपला नेहमीचा ड्रायव्हर दिला, खानापूरकडचा, पंचविशीतला. मी त्याला नावाने हाक मारायचो, तो मला काका म्हणायचा. सकाळी कुंडईहून निघालो. तिस्क उसगाव, धारबांदोडा, मोले. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलेला. मी म्हटलं, नव्या गाड्यांत दिवे असतातच, जत्रेसारखे. अनमोड घाटाच्या चढाला लागल्यावर गाडी ओढेना. मी बाजूला घेतली आणि डिझेल लाइनमध्ये हवा पकडली म्हणून पाना शोधायला लागलो. पोरगा खाली उतरलाच नाही. खिडकीतून म्हणाला, "काका, युरिया संपत आलाय." बीएस-सहा, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाडीत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत ते युरियाचं पाणी असतं. ते संपत आलं की गाडी आपणहून ताकद कमी करते. त्याने सीटमागून कॅन काढला, ओतला, थोड्या वेळाने गाडी पुन्हा ओढायला लागली. मी पाना परत ठेवला.

गणेबैलच्या टोलनाक्यावर फास्टॅगचा बीप वाजला आणि दांडा आपोआप वर गेला. आमच्या खाणीच्या रस्त्यावर टोल कसला असणार? मी उगाच खिशात हात घातला होता.

बेळगावला माल उतरवला आणि रात्री बटाटा भरला, म्हापशासाठी. सतरा टन. पोरगा सकाळपासून जागा होता, म्हणाला, रामनगरपर्यंत मी घेतो, पुढे तुम्ही. रामनगरला चहा घेऊन मी स्टेअरिंगवर बसलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. तो मागच्या बर्थवर आडवा झाला. धुकं होतं, थंडी होती. मी काचा लावल्या, एसी गरम हवेवर केला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. भरलेली गाडी उतरवणं ही माझी शेखी होती. खाणी डोंगरावर आणि जेटी नदीवर, म्हणजे चौदा-पंधरा वर्षं मी भरलेला टिपर उतारावरूनच नेला. उतारावरून मला कोण काय शिकवणार? शिवाय माझा टिपर मी कानांनी चालवत होतो. इंजिनाचा आवाज चढला की कळायचं, गिअर पडायला हवा. आवाज दबला की कळायचं, ब्रेकवर भार येतोय. गिअरचा दांडा हातात थरथरायचा. स्पीडच्या काट्याकडे मी कधी बघितलंच नाही. अर्ध्या टिपरांचा तो काटा बंदच असायचा म्हणा.

या गाडीत आवाजच नव्हता. वळणं येत गेली, मी चौथ्यावर होतो आणि मला वाटलं, गाडी मजेत उतरतेय. जरा वेग वाढला की ब्रेक, सोड, पुन्हा ब्रेक. आमच्या उतारावर असंच करायचो. फरक एवढाच की आमचा उतार पाच मिनिटांत संपायचा आणि परतीच्या रिकाम्या फेरीत ब्रेकचे ड्रम थंड व्हायचे. अनमोडचा उतार संपतच नाही.

चार-पाच वळणांनंतर वास आला. ब्रेकचा लायनर जळल्याचा, कडवट, नाकात बसणारा. वाटलं, पुढच्या गाडीचा असेल. पुढे गाडी नव्हती. पुढच्या वळणाआधी पाय दाबला, पॅडल गेलं तसं गेलं, ब्रेकच्या हवेचा काटाही जागेवर, पण गाडी धरेना. घसरत जाते तशी पुढेच. त्या क्षणी मला काय वाटलं हे लिहिताना हात थांबतो. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. आठवलं ते हे की मागे दुसऱ्याचा मुलगा झोपलाय.

वासाने तो जागा झालाच होता. मागून ओरडला, "एक्झॉस्ट, काका, डावीकडचा खटका!" आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा तो ब्रेक हात लांब करून स्वतःच दाबला. इंजिन गुरगुरलं. मी गिअर तिसऱ्यावर घ्यायला गेलो. जुन्या सवयीने डबल क्लच, मध्ये एक रेस, आणि दांडा बसला. गाडीने मान खाली घातल्यासारखी धरली. पुढच्या वळणावर दुसरा. मग चालत्या माणसाच्या वेगाने दूधसागर देवस्थानापर्यंत आलो आणि तिथे बाजूला लावली.

मागच्या चाकांतून धूर येत होता. तिथे थांबलेल्या एका गाडीचा क्लीनर धावत पाण्याचा कॅन घेऊन आला. पोराने त्याला अडवलं, म्हणाला, तापलेल्या ड्रमवर पाणी नको, तडकेल. हँडब्रेकही लावू दिला नाही, चाकांखाली दगड दिले. तासभर थांबलो. मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो, पाय थरथरत होते. तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटत होतं, आणि खरं तर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "चढताना जो गिअर होता तोच उतरताना. मला आमच्या उस्तादाने थप्पड मारून शिकवलंय." हे मी माझ्या क्लीनरला शेकडो वेळा सांगितलेलं वाक्य. मला ते माहीत होतं. माहीत असून मी चौथ्यावर होतो, कारण मला काही ऐकूच येत नव्हतं.

"पात्रांवला सांगणार?" मी विचारलं.

"लायनर बदलायला लागतील. सांगावं लागेल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्हीच सांगा."

म्हापशाला सकाळी आठला पोचलो. हमाल बटाटा उतरवत होते तेव्हा मी फोन केला. पात्रांव बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, लायनरचे पैसे दोन पगारांत कापीन, आणि पुढची फेरी गुरुवारी. मी हो म्हटलं.

गुरुवारी रामनगरहून निघताना मी एसी बंद केला आणि दोन्ही बाजूंच्या काचा पूर्ण खाली घेतल्या. धुकं आत आलं, इंजिनाचा आवाजही आला. पोरगा बर्थवरून पुटपुटला, "काका, हे काय, थंडी!" आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. मी दुसरा टाकला.