मांजरांसकट भाड्याचं घर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "दोन मांजरं घेऊन पुण्यात भाड्याचं घर मिळतं कसं हो तुम्हाला?" हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, व्हेटच्या दारात विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता विचारला गेला. विचारणारे बहुतेक दोन प्रकारचे. काहींना मांजर पाळायचंय पण मालकाचा धाक आहे. काहींच्या घरात मांजर आहे, मालकाला पत्ता नाही आणि अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय. हे दुसरे मला लांबूनच ओळखू येतात. बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

आमच्याकडची मंडळी अशी: मनी तिरंगी, जरा तुसडी. खंडू पिवळा बोका, येईल त्याच्या पायात घुटमळणारा. दोघांची नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी, दोघंही घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. एवढं सगळं मी एजंटला पहिल्याच फोनवर सांगून टाकते, भाडं विचारायच्याही आधी. पलीकडे जरा शांतता होते आणि मग ठरलेला सल्ला येतो: "मॅडम, मांजराचं आत्ता नका काढू. एकदा राहायला गेलात की बघू ना."

हा सल्ला ऐकू नका. एजंटला एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मिळाली की त्याचा त्या घराशी संबंध संपतो, तुमचा तिथून सुरू होतो. शिवाय मांजर लपत नाही. ते खिडकीत बसणारच. वॉचमनला पहिल्या दिवशी कळतं, वॉचमनकडून सेक्रेटरीला, आणि सेक्रेटरी मालकाला फोन करतो तो "तुमच्या भाडेकरूंनी फसवलंय तुम्हाला" याच सुरात. मग मांजर बाजूलाच राहतं आणि तुम्ही खोटे ठरता. फोनवरच नकार आला तर तेवढी चपलांची झीज वाचली म्हणायचं. नकार भरपूर येतात, तेही सांगून ठेवते.

नकाराची कारणं मात्र ऐकण्यासारखी असतात. वास येईल, सोफा फाडेल, केस पडतील, घरात गरोदर सून आहे. 'ओन्ली व्हेज' लिहिलेल्या घरांत मांजराची परीक्षा आमच्यापेक्षा कडक. मी अंडंसुद्धा शिजवणार नाही म्हटलं तरी "पण मांजर मासे खाणारच ना?" हा प्रश्न येतोच. यावरून आठवलं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कोचीच्या एका गृहस्थांना मांजरांची बिस्किटं आणायला बाहेर पडायचा पास मिळाला नाही, म्हणून ते थेट केरळ उच्च न्यायालयात गेले. आमचं घर शाकाहारी, मांजरांसाठी सामिष शिजवता येत नाही, म्हणून बिस्किटं लागतात, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने परवानगी दिली. आमच्या एका शाकाहारी मालकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते पोटभर हसले. घर दिलं नाही, पण हसले.

अलीकडे एक नवं कारण आलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या साडेतीन बीएचके फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याची बातमी सगळीकडे झळकली. त्यानंतर कित्येक महिने मालक मंडळी "आज दोन आहेत, उद्या?" असं विचारायची. रागावण्यात अर्थ नव्हता, बातमी खरी होती. तेव्हापासून नसबंदीचा कागद मी फोनमध्येच ठेवते. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांसारखी मांजरांचीही नोंदणी सुरू केली, तो परवाना आणि लसीचं पुस्तकही सोबत असतं. असं काही कागदावर असतं याचंच मालकाला नवल वाटतं. निम्मी भीती तिथेच ओसरते.

पण मालकांच्या मनातली खरी भीती यातली कुठलीच नसते. हे मला कर्वेनगरच्या एका मालकीणबाईंनी शिकवलं. निवृत्त शिक्षिका, वरच्या मजल्यावर स्वतः राहायच्या, खालचा दोन खोल्यांचा भाग द्यायचा होता. फोनवर नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. "तुमचं आत्ताचं घर बघायला येईन," एवढंच म्हणाल्या. वेळ सांगितली नाही.

आल्या त्या भर दुपारी. चप्पल काढून सरळ बाथरूममध्ये. मांजरांचा शी-शूचा ट्रे तिथेच असतो. दाराशी उभ्या राहून दोनदा खोल श्वास घेतला. मग बाहेर येऊन सोफ्याच्या मागच्या बाजूला हात फिरवला, पडद्याची कड उलटून पाहिली, सुतळी गुंडाळलेला खांब बघून "हे नखांसाठी का?" विचारलं. खंडू पायाशी आला, त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. चहा घेतला. आणि मग म्हणाल्या, "घर सोडून जाल तेव्हा यांचं काय करणार?"

मी म्हटलं, "आमच्याबरोबर येणार, दुसरं काय."

"सगळे असंच म्हणतात." मग सांगितलं. आधीच्या बिऱ्हाडाने एक मांजर पाळलं होतं, विचारूनच. बदली बेंगळुरूला झाली. टेम्पो भरला, निघून गेले, मांजर राहिलं. "आठ दिवस त्या कुलपाशी बसून ओरडत होतं हो. मला ऐकवेना. दूध ठेवलं तर तोंड लावेना. नंतर कुठे गेलं कोण जाणे."

बाईंना ना वासाचं काही होतं, ना सोफ्याचं. ते आठ दिवस पुन्हा आपल्या जिन्यात नकोत, एवढंच. पुढे मी जिथे जिथे मुद्दाम खोदून विचारलं तिथे असलंच काहीतरी निघालं: गच्चीवर व्यायलेली मांजर, टाकीखाली सापडलेली पिल्लं, भाडेकरू गेल्यावर शेजाऱ्यांनी मालकाला ऐकवलेले शब्द. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतातच. लोकही त्याच आधाराने त्याला मागे टाकून जातात, 'घराचंच आहे ते, राहील' म्हणत. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड लिहिलाय दहा ते पन्नास रुपये. टेम्पोवाल्याला चहापाण्यालाच तेवढे जातात.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर सोफ्यापासून सुरू होत नाही, अ‍ॅग्रीमेंटपासून सुरू होतं. मी स्वतःहून एक कलम घालायला सांगते. साधारण असं: लायसेन्सी (म्हणजे भाडेकरू) यांची दोन मांजरं, नसबंदी व लसीकरण झालेली, घरात राहतील, संख्या वाढणार नाही, घर सोडताना ती लायसेन्सी यांच्यासोबत जातील, मांजरांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई डिपॉझिटमधून होईल. यातलं "सोबत जातील" वाचताना मालकाचा चेहरा बघा. कर्वेनगरच्या बाईंनी तेवढी ओळ दोनदा वाचली आणि पेन मागितलं.

आता एजंटच्या कॉम्प्युटरमध्ये जो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकराराचा, मसुदा असतो, त्यात पुष्कळदा "पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत" अशी ओळ आधीपासून छापलेली असते. मालक तोंडाने हो म्हणालेले असतात, मसुदा नाही म्हणत असतो, आणि भांडण झालं की मसुदाच बोलतो. ऑनलाइन नोंदणीवाला माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो तेव्हा सगळ्यांना घाई असते. त्याच्या आदल्या दिवशीच मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि शेवटपर्यंत वाचा. ती ओळ काढून आपलं कलम घाला, मगच अंगठा. "कशाला नोंदणीचा खर्च, साधं नोटरी करू" म्हणणाऱ्या मालकांना सांगा की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे ऐकल्यावर नोटरीचा विषय संपतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमजही सांगते, कारण फॉरवर्ड फिरत असतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सूचना काढल्या, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही म्हणून. त्या प्रामुख्याने कुत्र्यांबद्दल आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही सोसायट्यांचे असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. हे सगळं सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवायला चांगलं आहे. मालकापुढे त्याचा उपयोग शून्य. त्याचं घर, त्याची अट. त्याला मांजर नको असेल तर संविधानातली भूतदया काढून वाद घालू नका. भूतदया कलम ५१ क मध्ये आहे, पण किल्ली त्याच्या खिशात आहे.

घरं कुठे बघायची? माझं मत असं की मालक त्याच इमारतीत राहत असेल तर उत्तम. लोक नेमकं उलटं समजतात, त्यांना मालक लांब हवा असतो. पण समोर राहणारा मालक रोज बघतो की वास येत नाही, आवाज येत नाही, आणि महिनाभरात विषय विसरतो. बाणेर-बालेवाडीला गुंतवणुकीसाठी घेतलेले फ्लॅट असतात, मालक अमेरिकेत. तो मेलवर "शुअर, आय लव्ह कॅट्स" लिहितो आणि निर्णय कोथरूडला राहणारे त्याचे वडील घेतात. पेठांमधल्या जुन्या इमारतींत वेगळीच गंमत. तिथे एका मालकांनी आम्हाला विचारलं, "उंदीर धरतात का?" आम्ही खरं उत्तर दिलं. मनीने आयुष्यात पाल सोडून काही धरलेलं नाही. त्यांची निराशा झाली.

बाकी बारीकसारीक. बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी आपल्या खर्चाने लावायची, घर घेतल्याबरोबर, सामान लागायच्या आधी. वरच्या मजल्यावरून मांजर पडतं, खरोखर पडतं. कबुतरामागे झेप घेताना त्याला मजला दिसत नाही. पण मालकाशी बोलताना मी "कबुतरांची जाळी" म्हणते, आणि ते खोटं नाही. पुण्यात कबुतरांनी पिडलेला नाही असा मालक विरळा. फुकट जाळी मिळतेय म्हटल्यावर मांजराचा मुद्दा दुय्यम होतो. ट्रेमधली बेंटोनाइटची माती संडासात टाकू नका, पाण्याने फुगते आणि पाइप तुंबतो. प्लंबर आला की पहिलं नाव मांजराचंच निघणार. कागदात नीट गुंडाळून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सांगून द्या. रंगाचे पैसे घर सोडताना तसेही कापतात, त्यामुळे भिंतीवरच्या ओरखड्यांपायी फार जीव टांगू नका. फर्निचरवालं घर मात्र टाळाच. लेदरचा सोफा असेल तर दारातूनच परत फिरा, मालक कितीही गोड असला तरी.

जादा डिपॉझिट द्यावं का, असंही विचारतात. मी एक महिन्याचं वाढवून द्यायची तयारी ठेवते, पण आपणहून आधी बोलत नाही. आधी पैसे काढले की मालकाला वाटतं, म्हणजे नक्की काहीतरी नुकसान होणार आहे.

आणि अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट नवं करताना मसुदा पुन्हा वाचा. एजंट जुनीच फाइल उघडतो, तीच बंदीची ओळ परत येते. आमच्याकडे गेल्या वेळी आली होती. मी काही बोलायच्या आत वरच्या मजल्यावरच्या बाईंनीच चष्मा सारखा केला आणि एजंटला म्हणाल्या, "अहो, हे काय टाकलंय? खंडू राहतो की इथे." मनीचं नावसुद्धा घेतलं नाही. तिने त्यांना एकदा ओरबाडलंय.