अँजिओ क्लीन निघाली, पण हार्टचं टोक हलत नव्हतं

मी नाशिकला एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात तिथे, टेक्निशियन आहे. मार्चमध्ये आदल्या संध्याकाळी निफाडकडे गारपीट झालेली आणि पहाटेच तिकडच्या एक मावशी इमर्जन्सीला आल्या, वय साठीच्या पुढे, छातीत दुखतंय, दम लागलाय, घामाने ब्लाउज भिजलेला. ईसीजीच्या रेषेतला एसटी नावाचा भाग वर चढलेला, ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) पॉझिटिव्ह, म्हणजे सरळ सरळ अटॅकच वाटणार कुणालाही. लगेच टेबलावर घेतलं.

सरांनी मनगटातून कॅथेटर टाकला, डाय (एक्स-रेत नसा दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) सोडला, तर हार्टला रक्त पुरवणारी डावी नस क्लीन, उजवीपण क्लीन, ब्लॉक कुठेच नाही. मग हार्टच्या डाव्या कप्प्यात डाय सोडून बघितलं आणि मी बघतच राहिले. कप्प्याचा वरचा भाग जोरजोरात आवळतोय आणि टोकाकडचा भाग हलतच नाही, बारीक तोंडाच्या मडक्यासारखा नुसता फुगलेला. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते, फक्त तीस टक्के. सर म्हणाले, टाकोत्सुबो. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडलेला हा आजार, पेशंट बहुतेक पाळी गेलेल्या बायका.

बाहेर मुलाला विचारलं, काल काही झालं का घरी? तर द्राक्षाचा सौदा झालेला, दोन दिवसांत तोड होती आणि सगळे मणी फुटले. आई अंधार पडेपर्यंत खाली पडलेले घड क्रेटमध्ये भरत होती, नको नको म्हणालो तरी, आणि रात्री जेवली नाही.

असा धक्का बसला की अॅड्रेनॅलिनसारखी हार्मोन्स रक्तात एकदम भसाभसा वाढतात आणि हार्टचा स्नायू त्यानेच काही काळ लुळा पडतो असं मानतात.

मुलगा म्हणाला, "मॅडम, ब्लॉक नाही म्हणजे टेन्शनचंच ना, मग घरी नेऊ का?" खरं सांगते, हे "टेन्शनचंच" ऐकलं की माझा जीव तुटतो. अहो तीस टक्के पंपिंग आहे, फुफ्फुसात पाणी भरू शकतं, ठोके बिघडू शकतात, न हलणाऱ्या भागात रक्ताची गुठळी होऊ शकते! मी त्याला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. त्यानेच बोट ठेवून विचारलं, हे खालचं का हलत नाहीये? मग आयसीयूला तयार झाला. आणि नुसत्या ईसीजीवरून हे आहे की खरा अटॅक, ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे टेन्शन असेल म्हणून घरी झोपून राहायचं नाही, कुणीच.

महिन्याभराने मावशी फॉलोअपला आल्या तेव्हा मी मुद्दाम इकोरूममध्ये (हार्टची सोनोग्राफी करतात तिथे) गेले. पंपिंग साठ टक्के, टोक छान हलतंय! मावशींचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, बागेची छाटणी करायचीय, जाऊ ना?" सर म्हणाले जा, पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. काहींना हे परत होतं, म्हणून पुढची तारीखही फाईलवर लिहून दिली.