बारा इंची रेकॉर्ड आणि आपला बेस

कोल्हापुरात राहून हाऊस-टेक्नोच्या, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या, रेकॉर्ड मागवतोय म्हटलं की मित्र म्हणतात, भावा, मोबाईलवर सगळं ऐकायला मिळतंय, हे काय खूळ काढलंयस. पण गणपतीत डॉल्बीसमोर उभं राहिलेल्या माणसाला बेस म्हणजे काय हे मी सांगायला नको, आणि बारा इंची सिंगलची सगळी गंमत बेसमध्येच आहे. एका बाजूला एकच ट्रॅक असला की खाचांना जागा मिळते, त्यात मिनिटाला ४५ फेऱ्यांचा स्पीड असला तर लईच भारी, तेच एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं कोंबली की आवाज आणि बेस दोन्ही आवरते घ्यावे लागतात. म्हणून नवीन रिलीज दिसली की आधी मिनिटं बघतो, कव्हर नंतर.

रिमिक्ससाठी बी-साईड, म्हणजे रेकॉर्डची मागची बाजू, आधी लावायची. डब मिक्स असेल तर सोन्याहून पिवळं, गाणं जवळपास गायब, नुसता ड्रम नि बेसलाईन. पण नाव मोठं म्हणून घेऊ नका, कितीतरी रिमिक्स म्हणजे शिळ्या भाताला फोडणी असत्यात.

हाऊस शिकागोचं, टेक्नो डेट्रॉईटचं, हे खरंच, पण हिंदी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या आपल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच टीबी-३०३ या बेसच्या सिंथेसायझरवर आणि टीआर-८०८ या ड्रम मशीनवर राग वाजवून रेकॉर्ड काढलेली. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये परत छापली तेव्हा बाहेरचे लोक ॲसिड हाऊस (टीबी-३०३ च्या आवाजावर चालणारं हाऊस), ॲसिड हाऊस म्हणून नाचायला लागले.

बाकी शिपिंग लई लागतंय, त्यामुळं राजारामपुरीतल्या मित्राबरोबर मिळूनच ऑर्डर टाकतो.