अंगठा
आज निपाणीत आत्याला घेऊन रेशनला गेलो. मशीन तिचा अंगठा काही घेईना. उभा जन्म विड्या वळण्यात गेला, बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. "मावशी, हात पुसून परत ठेवा की," दुकानदार म्हणत राहिला. शेवटी मधल्या बोटानं तांदूळ मिळवून दिला.

या ठशांच्या कारभाराची एक मोठी सुरुवात आपल्याच देशातली. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. चोर पकडायला नव्हे हं, माणसानं पुढं शब्द फिरवू नये म्हणून!

तपासाला ठसे वापरायचे तर हजारो कागदांतून नेमका कागद हाती लागायला हवा. खरी मेख तिथंच होती. ती सोडवली कलकत्त्यात पोलीस खात्यातल्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. हकसाहेबांनी गणित मांडून दहा बोटांच्या नमुन्यांचे १०२४ कप्पे पाडले, बोसांनी ठसे तारेनं कळवायची सांकेतिक पद्धत बसवली. १९०१ मध्ये लंडन पोलिसांच्या मुख्यालयात, स्कॉटलंड यार्डात, हीच वर्गवारी गेली, पण नाव लागलं त्यांच्या वरिष्ठाचं, 'हेन्री पद्धत'. राबायचं यांनी आणि मिरवायचं साहेबानं! या दोघांना खानबहादूर, रायबहादूर पदव्या मिळाल्या. शाळेत मात्र त्यांची नावं आम्हाला कुणी सांगितली नाहीत.