पाच संस्था, एक हिशेबनीस

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, केळापूर, झरी-जामणी या पट्ट्यात कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, काम करणाऱ्या बारक्या संस्था पुष्कळ आहेत. कुणाची बालवाडी, कुणाचं वनहक्काचं काम, कुणी एकल महिलांचे बचतगट सांभाळतं. आमचीही त्यातलीच एक. पोडावरचं काम बिघडलं म्हणून यातली एखादी संस्था बंद पडल्याचं मला आठवत नाही. बंद पडायची वेळ आली ती दरवेळी कागदांपायी.

2020 च्या सप्टेंबरात परदेशी निधीचा कायदा बदलला तेव्हा हे एकदम अंगावर आलं. तोवर नागपूरची एक मोठी संस्था तिच्या निधीतला वाटा आम्हाला द्यायची. परदेशी निधी घेण्याची नोंदणी दोघांकडेही होती, तरी एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी द्यायचाच नाही, असं झालं. वर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. हिशेबनिसाचा पगार याच खर्चात मोडतो. म्हणजे कागद वाढले आणि कागद करणाऱ्याचा पगार गेला. देशी पैशाचीही तीच गत. बारा-ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला सूट) 2021 पासून नव्याने घ्यायचं, पुढे मुदत संपली की नूतनीकरण. देणगीदारांची यादी 31 मेपर्यंत ऑनलाइन भरायची, उशीर झाला की दिवसाला 200 रुपये. ओटीपी यावा म्हणून फोन घेऊन गच्चीवर चढणाऱ्या माणसांसाठी हे नियम!

तरी एकत्र यायचं डोक्यात आलं ते झरीकडच्या संस्थेमुळे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे सचिव गेले. खात्यावर दोन सह्या लागायच्या, त्यातली एक त्यांची. नवीन सचिव निवडला, ठराव केला, बँकेत गेले. बँक म्हणाली, धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा आणा, त्यावर नव्या माणसाचं नाव पाहिजे. तो उतारा पदाधिकारी बदलल्याचा ‘बदल अर्ज’ मंजूर झाल्याशिवाय मिळत नाही. अर्ज 90 दिवसांच्या आत करायचा असतो, आणि ते दिवस तर माणसं मोजण्यात गेले होते. मग उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज, त्याला शपथपत्र, मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, इतिवृत्त. खात्यात पैसे होते आणि बालवाडीच्या ताईंना मानधन देता येत नव्हतं. आमच्याकडे तेव्हा एक सर्वेक्षण चालू होतं. त्यांच्या दोन कार्यकर्त्यांना आम्ही त्यावर घेतलं. पांढरकवड्याच्या संस्थेतल्या दादांनी असा अर्ज आधी केलेला होता, त्यांनी मसुदा दिला. खातं सुटलं, पण फार उशिरा.

त्यानंतर घाटंजीला आमची पाच संस्थांची बैठक झाली. एक हिशेबनीस पाचही जणांनी मिळून ठेवावा, असं मी मांडलं. कुणीतरी लगेच म्हणालं, ही तर इर्जिकच झाली! मला ते फारसं पटलं नाही. इर्जिकीला माणूस आपले बैल घेऊन दुसऱ्याच्या वावरात जातो, घरातली तिजोरी उघडून दाखवत नाही. इथे तर नेमकी तिजोरीच दाखवायची होती. महिन्याला दोन-अडीच हजार द्यायला सगळे तयार होते. पण एकच माणूस पाच जणांची कॅशबुकं पाहणार, म्हणजे कुणाला किती मिळतं, कुणाचं मानधन किती, सगळं एका डोक्यात जमा होणार. “आमचं त्याईले कायले दिसाले पायजे?” असं एक जण चहा पिताना बोललेच. ते शेवटी आले, पण वर्षभर बाहेर थांबून.

सीएंनी एक शहाणपणाची गोष्ट सुचवली. नोकरी एका संस्थेत आणि वसुली बाकीच्यांकडून, असं करू नका. प्रत्येक संस्थेने हिशेबनिसाशी वेगळा करार करा, पैसे आपापल्या खात्यातून थेट हिशेबनिसालाच द्या. एका संस्थेची माहिती दुसरीला सांगायची नाही, हे करारातच घातलं. त्यावर बराचसा विरोध मावळला.

हिशेबनीस म्हणून मिळाली ती मुलगी घाटंजीचीच. बी.कॉम. झालेली, आधी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायची. पहिल्या दिवशी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिच्यासमोर खताच्या पिशवीत भरलेली व्हाउचरं ठेवली. तिने ती जमिनीवर महिन्यावार मांडली. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे टपरीवाल्याने लिहिलेलं बिल निघालं: ‘पोडावर सभा, चहा 140’. सही नाही, तारीख नाही. पुढच्या बाजूला मात्र पोळ्याची तारीख लाल रंगात. “ताई, यावरून सालच समजते फक्त,” ती म्हणाली. मग थोडं थांबून: “जिनिंगमदी शेठ रोज रातच्याले गल्ला जुळवते. तुमी वर्षातून एकडाव जुळवता. मंग घोळ होईनच ना.”

आता आठवड्याचा एकेक दिवस एकेका संस्थेचा. ती स्कूटीवर येते, व्हाउचर पाहते, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही मागते, पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प नसेल तर परत करते. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना तिचा जाच वाटतो. मला वाटत नाही, कारण 2025 मध्ये बारा-ए नूतनीकरणाचे अर्ज 30 सप्टेंबरच्या आत करायचे होते आणि ते आम्ही सगळ्यांनी वेळेत केले. एका संस्थेच्या अर्जात निघालेली त्रुटी बाकीच्यांनी आपापल्या अर्जात आधीच दुरुस्त करून ठेवली होती.

संकटनिधीचं मात्र ठरवलं तसं जमलं नाही. सगळ्यांनी मिळून पैसे ठेवायचे आणि अडलेल्या संस्थेला उसने द्यायचे, असा बेत होता. पण सार्वजनिक न्यासाला कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. देणगी म्हणून द्यावं, तर 2023 पासून एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या शंभर रुपयांतले 85 च आयकरात खर्च म्हणून धरतात. शेवटी निधी ज्याचा त्याच्याकडे ठेवायचं ठरलं. उत्पन्नातले 15 टक्के शिल्लक ठेवायला आयकराची ना नसते, हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं. मार्चअखेर खातं रिकामं दिसलं पाहिजे, अशीच सगळ्यांची समजूत. अर्थात प्रकल्पाचा पैसा असा ठेवता येत नाही, तो खर्च तरी करा नाही तर परत करा. ठेवता येतो तो लोकांनी दिलेल्या देणगीतला. तीन महिन्यांच्या मानधनाइतकी ठेव करायचं ठरलंय. दोघांची झाली आहे, आमची अजून व्हायची आहे.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशाचं काय करायचं, हा तिढा तसाच आहे. वणीकडच्या कंपन्यांकडे आम्ही सगळेच अर्ज करतो, एकाच टेबलावर पाच प्रस्ताव. कोण कुठे अर्ज करतंय ते एकमेकांना सांगायचं, एवढंच सध्या ठरलं आहे, आणि तेही सगळे पाळतात असं नाही.

आता काही जणांचं म्हणणं आहे की या गटाचीच महासंघ म्हणून नोंदणी करावी, लेटरहेडवर बरं दिसतं. म्हणजे आणखी एक घटना, आणखी एक कार्यकारिणी, तिचं ऑडिट, तिचे बदल अर्ज, आणि तेही त्याच मुलीने करायचे. तिच्या आठवड्यात सहावा दिवस कुठून आणायचा? पुढच्या बैठकीत हाच विषय आहे आणि मी विरोधात बोलणार आहे. त्याआधी तिचं मानधन वाढवा, तीन वर्षांत वाढवलेलं नाही.