ठरलेलं असतं, पण ठरवतं कोण?

"अगं, त्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत सगळं ठरलेलं असतं. आणि त्यातही बायकांच्या मॅचेस? शिकलेली बाई तू, बघतेस काय त्यात?" हे मला मामांनी विचारलंय, ऑफिसात विचारलंय, मुलीच्या शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या आयांनी विचारलंय. दर वेळी मी विषय बदलते. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून आता नीट सांगते.

डब्ल्यूडब्ल्यूई ही अमेरिकेतली कुस्तीचे खेळ करणारी कंपनी, आणि तिथले निकाल ठरलेले असतात हे मला माहीत आहे. पूर्वी मी नाटकाचा दाखला द्यायचे. शेवटी कोण मरणार हे ठाऊक असूनही आपण तिकीट काढतोच ना? आता ते उत्तर मला पुरत नाही. निकाल ठरलेला असतो म्हणजे तो कुणीतरी ठरवतो. चॅम्पियनचा पट्टा कुणाला, मॅचला मिनिटं किती, कुणाला वर आणायचं आणि कुणाला घरी बसवायचं. खरी झटापट तिथे चालते, आणि बायकांच्या बाबतीत ती लपतही नाही.

वेंडी रिक्टर या कुस्तीगीर बाईचंच घ्या. जुलै 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने फॅब्युलस मूलाला हरवलं. मूला 1956 पासून चॅम्पियन म्हणून मिरवत होती, आणि वेंडी तिच्याच तालमीत तयार झालेली. एमटीव्हीने ती मॅच थेट दाखवली, वेंडीच्या बाजूने गायिका सिंडी लॉपर उभी होती. वेंडीचं नाव झालं. नाव झालं तसे पैशांवरून कंपनीशी खटके उडू लागले.

25 नोव्हेंबर 1985. तेच गार्डन. समोर 'स्पायडर लेडी' नावाची मुखवटेवाली. रेफ्रीने तीन मोजेपर्यंत दोन्ही खांदे खाली टेकलेले राहिले की हार. तिने वेंडीला गुंडाळून खाली घेतलं, रेफ्रीने एक मोजला आणि वेंडीने खांदा उचलला. चित्रीकरणात तो वर आलेला दिसतो. रेफ्रीचा हात मात्र थांबला नाही. दोन, तीन, घंटा. वेंडीला वाटलं मॅच चालूच आहे. ती पुन्हा अंगावर धावून गेली, झोंबली, मुखवटा ओढून काढला. आत मूला, 62 वर्षांची. निकाल ठरलेला होता. जिचा पट्टा जायचा होता, तिलाच सांगितला नव्हता. वेंडी कपडे न बदलता बाहेर पडली आणि टॅक्सी करून विमानतळ गाठला. कंपनीने तिचा सत्कार केला तो 2010 मध्ये, हॉल ऑफ फेममध्ये घेताना.

घंटा झाल्यावरही ती लढत राहते, तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा बघते. त्यात ठरलेलं काहीच नाही.

मूलाला खलनायिका म्हणून मोकळं होणंही मला जमत नाही. न्यूयॉर्क राज्यात 1972 पर्यंत बायकांच्या कुस्तीला बंदीच होती. त्या काळात ती टिकली. पण तिच्या हाताखालच्या मुलींनी पुढे सांगितलं की आमच्या कमाईतला मोठा वाटा ती कापून घ्यायची. 2018 च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, एका लढतीला तिचं नाव दिलं होतं, ते लोकांच्या संतापामुळे मागे घ्यावं लागलं. बरंच झालं. तरी ती नसती तर वेंडी शिकली कुठे असती, याचा विचार मनातून जात नाही.

या जुन्या गोष्टी झाल्या असं म्हणाल, तर फेब्रुवारी 2015 घ्या. कंपनीचा दर आठवड्याचा तीन तासांचा कार्यक्रम 'रॉ', त्यात बायकांच्या टॅग मॅचला, म्हणजे दोघी विरुद्ध दोघींच्या लढतीला, जेमतेम अर्धं मिनिट. बघणारेच चिडले, सोशल मीडियावर ओरड झाली. त्याच ऑगस्टमध्ये ब्रुकलिनला बेली आणि साशा बँक्स अशा काही भिडल्या की आधी कुजबुजणारेही गप्प झाले. आणि 7 एप्रिल 2019 ला रेसलमेनियाची शेवटची, मुख्य लढत बेकी लिंच, राँडा राउझी आणि शार्लट फ्लेअरची. मी रडले त्या दिवशी. तिथेही तीन मोजताना राँडाचा खांदा वर होता, म्हणून लोक वाद घालत बसले. घालू देत.

आता तुम्ही विचारत नाही ते. याच कंपनीत बायकांना एकमेकींचे कपडे फाडायच्या मॅचेस दिल्या जायच्या. 2001 मध्ये कंपनीचे मालक विन्स मॅकमहन यांनी ट्रिश स्ट्रेटसला रिंगमध्ये चार पायांवर रांगायला आणि कुत्र्यासारखं भुंकायला लावलं. तेही ठरलेलंच होतं, पण त्याने काही हलकं होत नाही. तीच ट्रिश डिसेंबर 2004 मध्ये लिटाबरोबर 'रॉ'ची मुख्य लढत खेळली. एकाने दुसरं पुसलं जात नाही. जानेवारी 2024 मध्ये एका माजी कर्मचारी महिलेने मॅकमहन यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करत खटला भरला. त्यांनी आरोप नाकारले आणि पद सोडलं. "मग तुझे पैसे कुणाच्या खिशात जातात?" असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. बघणं सोडावं असं वाटतं. मग वाटतं, बघणारेच उठून गेले तर त्या पोरींना मिनिटं कोण मागणार?

मंगळवारी सकाळी डबे भरताना मी 'रॉ' लावते. बायकांची मॅच सुरू झाली की आधी घड्याळाकडे बघते, आणि घंटा वाजली की पुन्हा.