कागद हलता कामा नये

आठवणी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि आधी आठवले ते आमचे गायनाचे सर. इमारतीवर, पटांगणावर बाकीचे लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार.

गॅदरिंगला 'ऐरणीच्या देवा' बसवायचं होतं. चित्रकलेच्या खोलीत तालीम. पहिल्या दिवशी सरांनी पेटी उघडलीच नाही. वहीच्या कागदाच्या पट्ट्या फाडून वाटल्या, ओठांपुढं वीतभर अंतरावर धरायला लावल्या. "म्हणा. 'ठ' आला तरी कागद हलता कामा नये. माईकला असलं फुंकणं खपत नाही." 'ठिणगी' आली आणि सगळ्या पट्ट्या फडफडल्या. सर हसले नाहीत. "लताबाईंना श्वास चोरून घ्यायला संगीतकार अनिल विश्वासांनी शिकवलं. तुमच्या नशिबी मी. तेव्हा लेको, मेहनत दुप्पट!"

मग सर सुटायचे. १९४२ साली लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ गेले, पोरवयात घराचा भार आला, मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत नोकरी धरली आणि बिऱ्हाड याच कोल्हापुरात. तोंडाला रंग लावणं मनाविरुद्ध, पण चूल पेटायला हवी. कंपनी मुंबईला गेली तशा त्याही १९४५ मध्ये गेल्या. पुढचं 'महल' वगैरे सर एका वाक्यात उरकायचे. त्यांचा जीव 'आनंदघन'मध्ये. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना या नावानं चाली देणाऱ्या लताबाईच, हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, समारंभात आनंदघनांचं नाव पुकारलं, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सूत्रसंचालकांनीच गुपित फोडलं. हे सांगताना सरांचा हात भालजींच्या जयप्रभा स्टुडिओच्या दिशेनं जायचा. 'ऐरणीच्या देवा' त्याच चित्रपटातलं, गीत शाळामास्तर जगदीश खेबुडकरांचं, "म्हणजे मास्तराचंच!" हेही ठासून.

आज मी वकिली करतो. उलटतपासणीत लांबलचक प्रश्न विचारला तरी शेवटच्या शब्दापर्यंत आवाज पडत नाही. ज्युनिअर मुलं कौतुक करतात, ते मी निमूट घेतो. खरं श्रेय त्या पट्टीचं. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या. सर त्याआधीच गेले होते. एका अर्थी सुटले, म्हणायचं.

मागं एकदा गॅदरिंगला आलो होतो. पोरं तयार ट्रॅकवर गात होती, माईक अगदी ओठांना लावून. टाळ्या भरपूर पडल्या. सरांची पेटी मात्र कपाटावर, भाता फाटलेला. दुरुस्तीचा खर्च मी देतो. कार्यालयानं फक्त कळवावं.